दार कोणी लावले?

रॉबर्ट हॅमरचा 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' (१९४९) हा इंग्रजी चित्रपट आम्ही ट्रॉयमध्ये, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, मुलांसोबत पाहिला. नायक लुईच्या आईने इटालियन गायकाशी लग्न केले, म्हणून तिच्या उमराव माहेराने तिला दार बंद केले. मेल्यावर घराण्याच्या दफनघरात जागासुद्धा दिली नाही. लुई मग सरदारकीच्या वाटेतले नातेवाईक एकेक करून संपवू लागतो. घराण्यातली आठ पात्रे एकट्या अलेक गिनेसने रंगवली आहेत, आणि खरे सांगते, प्रत्येक मरणाला आम्ही मनसोक्त हसलो.

शेवटी लुई सुटतो, पण खुनांची कबुली लिहिलेले कागद कोठडीतच विसरतो. मूळ चित्रपट तिथेच थांबतो. अमेरिकेत मात्र ते कागद अधिकाऱ्यांच्या हाती लागल्याचे दाखवणारा तुकडा जोडला गेला. गुन्हेगार सुटता कामा नये, असा तेव्हा हॉलिवूडच्या आचारसंहितेचा दंडक होता.

मला ती जोड खटकते. लुईला शिक्षा व्हावी, कबूल. पण लेकीला बाहेर काढणाऱ्यांसाठी कुठल्या संहितेत कलम आहे? आपल्याकडे तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्येही (१९७२) पुण्यात अपमान सोसलेला परका घाशीराम सूडाने पेटतो, जमाव त्याला ठेचतो, आणि त्याला कोतवाल करणाऱ्या नानांचे काहीच बिघडत नाही.

आपल्या मंडळींतही मुलीने परक्यात लग्न केले म्हणून बोलणे टाकलेली घरे आहेत. चांगली, शिकलेली, गणपतीला सढळ हाताने देणगी देणारी माणसे. त्यांतल्या एका आजोबांनी आपल्या नातवाला अजून पाहिलेले नाही. तो इथून वीस मिनिटांवर राहतो.