अर्धवट जळण्याची चव

लाकडाची पेलेट म्हणजे दाबून घट्ट केलेला भुसा. जाडी साधारण ६ मिलिमीटर, लांबी बोटाच्या पेराएवढी. वाळलेला भुसा पोलादी साच्याच्या छिद्रांतून मोठ्या दाबाने ढकलतात. घर्षणाने तो तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ पडतं आणि निवल्यावर तेच भुशाला धरून ठेवतं. हिकरी, ओक, सफरचंद, चेरी, पेकान, मेस्कीट अशा झाडांच्या नावांनी या पेलेटच्या पिशव्या अमेरिकेतल्या दुकानांत रचलेल्या असतात. घरामागच्या अंगणात गॅसच्या ग्रिलवर मांस भाजणारा माणूस छिद्रं पाडलेल्या पोलादी नळीत त्या भरतो, एका टोकाला ज्योत लावतो, काही मिनिटं जळू देतो आणि मग फुंकर मारून ज्योत विझवतो. नळी तासन्‌तास धुमसत राहते. भाजण्याचं काम गॅस करतो. लाकडाकडे काम उरतं ते फक्त वासाचं.

त्या फुंकरीपाशी मला थांबावंसं वाटतं. आग लावायची आणि ती नीट पेटली की विझवायची, कारण हवी असलेली गोष्ट ज्वाळेत नसतेच. लाकूड पुरतं जळलं तर उरतात राख, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. त्यांना चव नाही. लाकूड तापून तुटतं, पण पुरतं जळण्याइतका प्राणवायू त्याला मिळत नाही, तेव्हा चव जन्माला येते. लिग्निन तुटून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगं होतात. धुराची चव मुख्यतः पहिल्याची, गंध दुसऱ्याचा. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज तुटून गोडसर वासाची, मांसाला तांबूस रंग देणारी संयुगं होतात. धुराची चव ही अशी ज्वलनाच्या अपुरेपणातून येते. माणसाने चुलीपासून भट्टीपर्यंत जे जे सुधारलं, ते हा अपुरेपणा घालवण्यासाठी. इंधन वाचलं, डोळे वाचले, आणि जेवणातून हा गंधही निघून गेला.

पेलेटच्या इतिहासात ही ओढाताण पहिल्यापासून आहे. तिचा जन्म स्वयंपाकासाठी झालाच नव्हता. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत घरं उबदार ठेवण्यासाठी स्वस्त इंधनाचा शोध सुरू झाला, आणि लाकूड कापण्याच्या गिरण्यांत भुशाचे ढीग पडून होते. ऑरेगन राज्यातल्या माउंट एंजल या लहान गावात ट्रेगर कुटुंबाचा घरं गरम करणाऱ्या भट्ट्यांचा व्यवसाय होता. जो ट्रेगर यांनी १९८५ च्या सुमारास तेच तंत्र ग्रिलला लावलं. पेलेटचा डबा, त्यातून पेलेट पुढे सरकवणारा मळसूत्री दांडा, वाटीएवढं अग्निपात्र आणि हवा देणारा पंखा, एवढाच त्याचा संसार. १९८६ मध्ये मिळालेल्या पेटंटची मुदत २००६ मध्ये संपली आणि मग इतर कंपन्या या धंद्यात उतरल्या. आता १०७ अंश सेल्सिअस तापमान लावून ठेवलं की यंत्र लागतील तितक्याच पेलेट टाकत राहतं. ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचा तो चिवट मोठा तुकडा, बारा-बारा तास शिजतो आणि घरातली माणसं झोपलेली असतात.

पण घर गरम करायच्या भट्टीचा गुण या यंत्राने सोडला नाही. पंख्याच्या वाऱ्यावर, लहान पात्रात, कोरडी पेलेट फार स्वच्छ जळते. तापमान वाढवावं तसा धूर विरळ होतो. पेलेट-ग्रिलवरचं मांस एकसारखं शिजतं, पण त्याला लाकडाचा वास कमी, ही तक्रार त्यातूनच आली. त्यावर लोकांनी शोधलेला उपाय मला या सगळ्या विषयाचं मर्म वाटतो. पेलेट-ग्रिलच्याच आत ते पेलेट भरलेली ती छिद्रांची नळी ठेवतात. एकाच पिशवीतल्या पेलेट एका पात्रात चांगल्या जळतात आणि शेजारच्या नळीत मुद्दाम वाईट जळतात. पहिल्या उष्णता देतात, दुसऱ्या चव. जुन्या आगीत ही दोन्ही कामं एकत्र होती. आधी आपण ती वेगळी केली आणि आता वेगळेपणाने पुन्हा शेजारी आणून ठेवतो आहोत.

वेगळी झाल्यामुळे धुराकडे नीट पाहता आलं, हेही खरं. तो चमच्याने मोजून घालायच्या मसाल्यासारखा झाला, आणि मसाल्याचं प्रमाण चुकतं तसं याचंही चुकतं. दाट पांढरा धूर दिसायला भरघोस, पण मांसावर कडवट थर चढवतो. जाणकारांना हवा असतो तो जेमतेम दिसणारा निळसर धूर. थंड आणि ओलसर पृष्ठभागावर धूर अधिक चिकटतो, म्हणून मांस शीतकपाटातून थेट ग्रिलवर जातं आणि पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात. लाकडाच्या ढलप्या भिजवण्याची सवय असलेले लोक पेलेटही भिजवायला जातात. पाण्यात तिचा पुन्हा भुसा होतो. कापलेल्या मांसाच्या कडेला दिसणारी गुलाबी पट्टी, जिचं इतकं कौतुक होतं, ती चव नव्हेच. ज्वलनात तयार झालेला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनशी जोडला जाऊन तो रंग टिकतो, आणि ते गॅसच्या ज्योतीनेही होऊ शकतं. डोळे आणि जीभ यांच्यात लोक डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवतात, याचा हा पुरावाच म्हणायचा.

टेक्ससच्या मध्यभागात यातलं काहीच पटणार नाही असे लोक आहेत. तिथे जर्मन आणि चेक स्थलांतरितांच्या मांसाच्या दुकानांतून लाकडाच्या धुरात मांस शिजवण्याची परंपरा वाढली. लॉकहार्ट गावातलं क्रॉइट्झ मार्केट १९०० पासून आहे. पोस्ट ओकचे ओंडके, विटांच्या किंवा लोखंडी लांब भट्ट्या, आणि रात्रभर आगीजवळ बसणारा माणूस. ऑस्टिनचे ॲरन फ्रँकलिन यांना २०१५ मध्ये जेम्स बिअर्ड हा पाककलेचा पुरस्कार मिळाला तोही अशाच लाकडी आगीवरच्या कामासाठी. या मंडळींच्या लेखी बटण दाबून केलेलं बार्बेक्यू म्हणजे बार्बेक्यू नव्हे. कॅन्सस सिटीच्या बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांचा नियम मात्र निराळा आहे: आग लाकडाची, पेलेटची किंवा कोळशाची चालते, पेलेट सरकवणारा विजेचा दांडाही चालतो, पण गॅसवर किंवा विजेच्या उष्णतेवर शिजवलेलं चालत नाही. रेषा कुठे तरी आखावी लागते, आणि त्यांनी ती जळणाऱ्या वस्तूपाशी आखली, जागणाऱ्या माणसापाशी नाही.

मला ही रेषा योग्य वाटते, कारण रात्रभर आगीजवळ बसणारा माणूस कोण होता हे विसरून त्या जागरणाचे गोडवे गाता येत नाहीत. अमेरिकेच्या दक्षिणेत खड्डे खणून, लाकडं जाळून, रात्रभर मांस उलटंपालटं करण्याचं काम गुलाम करत. १९३० च्या दशकात सरकारी प्रकल्पात वृद्ध, पूर्वाश्रमीच्या गुलामांच्या आठवणी नोंदवल्या गेल्या. त्यांत साउथ कॅरोलायनाचे वेस्ली जोन्स मेजवानीच्या आदल्या रात्री जागून मांसाला रस्सा लावत बसल्याचं सांगतात. मेजवानी मालकांची असे. खाद्य-इतिहासाचे लेखक एड्रियन मिलर यांनी २०२१ च्या पुस्तकात कृष्णवर्णीय स्वयंपाक्यांचं हे श्रेय सविस्तर मांडलं, ते त्याआधी कित्येक वर्षं इतरांच्या नावावर जमा होत आलं होतं. आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला फार दूर जावं लागणार नाही. चुलीवरच्या भाकरीची आठवण काढणारा आणि ती चूल फुंकणारी, या बहुधा दोन वेगळ्या व्यक्ती असतात. घरातल्या इंधनाच्या धुरामुळे जगात दरवर्षी सुमारे ३० लाख माणसं दगावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. धूर हा मसाला होऊ शकतो तो फक्त त्याच्यापासून चार पावलं मागे सरकण्याची मुभा असलेल्याला.

म्हणून पेलेटने जागरण संपवलं याचं मला दुःख नाही. दुःख आहे ते निराळ्या गोष्टीचं. आगीजवळ बसणाऱ्याला कष्टांबरोबर एक ज्ञानही मिळत होतं: ओलं लाकूड कसं कुरकुरतं, वारा फिरला की कुठली झडप किती लोटायची, धुराचा रंग कधी बदलतो. यंत्राने कष्ट काढून घेताना हे ज्ञानही उचलून नेलं, आणि आज कित्येकांना पिशवीवरच्या नावापलीकडे लाकडाची ओळख नाही. बऱ्याच पिशव्यांत ओक किंवा आल्डर हेच मुख्य लाकूड असतं आणि नाव ज्याचं छापलेलं असतं ते थोडंसंच मिसळलेलं. ही फसगत ओळखायला नाक लागतं, आणि नाक तयार व्हायला धुराजवळ वेळ घालवावा लागतो. घर गरम करण्यासाठीच्या पेलेटमध्ये चीड-देवदार वर्गातलं राळेचं लाकूड किंवा साल असू शकते. त्या अन्नाजवळ नेऊ नयेत, हेही पूर्वी लाकूड हाताळणाऱ्याला सांगावं लागलं नसतं.

धूर ओळखणारं असं नाक आपल्याकडेही आहे. खानदेशात हिवाळ्यात भरताची वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाटीवर, भाजतात आणि लाकडी बडगीत ठेचतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे; मात्र शहरातल्या गॅसवर तेच वांगं भाजलं की साल करपते, गर शिजतो आणि भरीत तरीही मुकं राहतं. तेच पऱ्हाटीचं लाकूड आता दळून, दाबून बॉयलरसाठी पेलेट आणि ब्रिकेट होऊन कारखान्यांत जातं. या पेलेट स्वयंपाकासाठी बनवलेल्या नाहीत, आणि कपाशीवर फवारण्या इतक्या होतात की त्या सरळ उचलून नळीत भरणं शहाणपणाचं नाही. पण फवारणी न केलेल्या शेतातली पऱ्हाटी निवडून, स्वच्छ दळून, खाण्यासाठीच्या पेलेट कुणी बनवल्या, तर पुण्यातल्या गच्चीवर आणि डॅलसच्या अंगणातही वांग्याला त्याचा स्वतःचा धूर मिळू शकेल. त्या पेलेट बनवणाऱ्याने पहिली पिशवी जळगावात नेऊन, बडगीपाशी आयुष्य घालवलेल्या बाईला हुंगायला द्यावी, आणि तिने नाही म्हटलं तर भुसा बदलावा.