मौन आणि मुलांची पुस्तके

बायबलमधील योसेफाची कथा मुलांना सांगावयाची, तर एक शब्द टाळता येत नाही. सावत्र भाऊच त्याला व्यापाऱ्यांना विकतात आणि मिसर देशात तो गुलाम होतो. मूकबधिरांच्या शिक्षणाचा अमेरिकेत पाया घालणाऱ्या थॉमस गॅलोडेट यांनी ही कथा 'जेकब अँड हिज सन्स' या पुस्तकात आई व मेरी नावाच्या मुलीच्या संवादातून मांडली. ऐकता ऐकता मुलगी विचारते, गुलाम म्हणजे चाकर का? आई सांगते, चाकराला मजुरी मिळते. गुलाम मात्र जनावरासारखा विकला जातो. फिलाडेल्फियाच्या अमेरिकन संडे स्कूल युनियनने हे पुस्तक बरीच वर्षे विकले. १८४८च्या सुमारास दक्षिणेकडील राज्यांतून त्या संवादावर आक्षेप आला आणि संस्थेने पुस्तक आपल्या यादीतून काढून टाकले.

ही संस्था १८२४ची. न्यूयॉर्कची अमेरिकन ट्रॅक्ट सोसायटी १८२५ची. वाफेवर चालणारे छापखाने, नाममात्र किंमत आणि १८४१पासून गावोगाव हिंडणारे पुस्तकविक्रेते यांच्या बळावर ट्रॅक्ट सोसायटीने ज्या घरांत दुसरे छापील पान क्वचितच जाई तेथे पुस्तके पोहोचविली. दोन्ही संस्थांत वेगवेगळ्या पंथांचे लोक एकत्र बसत, आणि सर्वांना मान्य होईल तेवढेच छापावे असा दंडक होता. बाप्तिस्मा केव्हा व कसा द्यावा, अशा वादांपुरता तो शहाणपणाचाच म्हणावा लागेल. गुलामांचे मालकही त्याच पंथांचे सभासद असल्याने या दंडकाने त्यांच्या हाती नकाराधिकार आला. ज्याच्याविषयी मौन पाळले जात होते, त्या गुलामाला मात्र समितीत जागा नव्हती.

संस्थांच्या कैवाऱ्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. एका परिच्छेदासाठी दक्षिणेची दारे बंद झाली, तर उरलेली शेकडो पुस्तकेही बाहेरच राहतील, असे ते म्हणत. परंतु ट्रॅक्ट सोसायटीने नृत्याविरुद्ध आणि मद्याविरुद्ध पत्रके काढली होती, आणि त्या विषयांवर सगळ्या ख्रिस्ती जनांचे एकमत होते असे कोण म्हणेल? म्हणजे वाद टाळण्याचा नियम निवडक होता. नाचणारा रागावला तर चालत असे.

याहून गंभीर गोष्ट मेरी लंडी डंकन यांच्या चरित्राची. मुलांसाठी प्रार्थनागीते लिहिणाऱ्या या स्कॉटिश स्त्रीचे चरित्र तिच्या आईने लिहिले होते. ट्रॅक्ट सोसायटीच्या आवृत्तीत गुलामगिरीचा धिक्कार करणारा मजकूर गाळला गेला. विल्यम जे यांच्यासारख्या गुलामगिरीच्या विरोधकांनी अशी काटछाट चव्हाट्यावर आणली. येथे मौनाची जात बदलते. छापावयाचे काय, हे ठरविण्याचा अधिकार प्रकाशकाला असतोच. पण मृत स्त्रीच्या तोंडचे शब्द काढून उरलेले तिच्या नावावर विकणे म्हणजे तिच्याविषयी खोटी साक्ष देणे होय. प्रौढ वाचक दुसरी आवृत्ती शोधू शकतो. रविवारच्या शाळेत बक्षीस म्हणून पुस्तक मिळालेल्या मुलाला मात्र काही गळले आहे अशी शंकाही येणार नाही. आणि त्याच्या या विश्वासावरच तर प्रकाशकाचा सारा व्यवहार उभा होता.

सोसायटीच्या १८५७च्या वार्षिक सभेने गुलामगिरीतून उद्भवणाऱ्या नैतिक कर्तव्यांवर लिहिण्यास मुभा दिली. तरीही न्यूयॉर्कच्या समितीने लेखणी उचलली नाही, आणि १८५९ साली बोस्टनची शाखा वेगळी झाली. पुढे १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, त्यांच्या कार्याविषयी न्यूयॉर्कच्या त्या समितीच्या पुस्तकांतून पुण्यातल्या वाचकाला फारसे काही कळले नसते.

यादवी युद्धाच्या अखेरीस बोस्टनच्या संस्थेने मुक्त झालेल्या गुलामांसाठी अंकलिपी व वाचनपुस्तके काढली. त्यांत अक्षरांबरोबर कष्ट, टापटीप आणि सचोटी यांचे पाठ होते. ती वाचावयास शिकणाऱ्यांपैकी अनेक जण एके काळी स्वतः विकले गेले होते. गुलाम म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगावयाचे नव्हते.