चाळीस वर्षांचं फूल आणि पाच वर्षांचं पोर

जॉर्ज विल्सन निवृत्त पोस्टमन होते. हयातभर त्यांनी लोकांची दारं वाजवली. आता आपलं दार कुणी वाजवू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. अमेरिकेतल्या गर्द झाडीच्या एका गल्लीत त्यांचं टुमदार घर होतं. घरात मार्था नावाची प्रेमळ बायको होती, सोन्याच्या नाण्यांचा संग्रह होता, आणि जिवापाड जपलेली बाग होती. मूलबाळ नव्हतं. सगळं कसं जागच्या जागी होतं. फक्त शेजार काही आपल्या हातात नसतो. शेजारच्या मिचेल कुटुंबात पाच वर्षांचा एक मुलगा होता, डेनिस. आणि या मुलाचा विल्सनांवर फार जीव होता.

विल्सनांच्या सगळ्या दुःखाचं मूळ तेच.

ही गोष्ट १९९३ साली ‘डेनिस द मेनेस’ या चित्रपटातून मोठ्या पडद्यावर आली. पटकथा जॉन ह्यूजेस यांची. ‘होम अलोन’ लिहिणारे तेच हे. दिग्दर्शन निक कॅसल यांचं. डेनिस झाला होता मेसन गॅम्बल नावाचा मुलगा, आणि विल्सन होते वॉल्टर मॅथाऊ. मॅथाऊंच्या लोंबत्या गालांवर वैताग असा काही शोभायचा, की डेनिसची नुसती हाक आली तरी बघणाऱ्याला हसू फुटावं.

एका सकाळी अशीच हाक आली आणि विल्सनांनी थेट अंथरूण गाठलं. डोळे मिटले, झोपेचं सोंग घेतलं. पोरगं बघेल आणि जाईल, असा हिशेब. पोरगं आलं, पण गेलं नाही. दिवस एवढा वर आला तरी मिस्टर विल्सन झोपलेले, म्हणजे नक्की आजारी असणार. आजारी माणसाला औषध द्यायला हवं. ॲस्पिरिनची गोळी मिळाली, पण ती तोंडात घालायची कशी? डेनिसजवळ बेचकी होती. विल्सनांचं तोंड उघडं होतं. नेम चुकला नाही.

ठसका लागून उठलेल्या विल्सनांच्या दृष्टीने हा हल्ला होता. डेनिसच्या दृष्टीने ही शुश्रूषा होती.

पुढचे प्रताप बघितले तरी हेच दिसतं. डेनिसच्या हातून गॅरेजमध्ये रंग सांडला. सांडलेलं साफ करायला हवं म्हणून त्याने व्हॅक्युम क्लीनर चालवला, आणि त्या यंत्रातून उडालेला रंगाचा गोळा शेजारी विल्सन भाजत असलेल्या चिकनवर जाऊन बसला. विल्सनांच्या घरात माऊथवॉश सांडला, तर रिकामी बाटली तशीच ठेवणं बरं नाही म्हणून त्याने ती संडास धुवायच्या औषधाने भरून ठेवली. कवळीचे पुढचे दोन दात गेले, तेव्हा तिथे च्युइंगमच्या दोन पांढऱ्या चौकोनी गोळ्या बसवल्या. विल्सन नेमके त्याच दिवशी वर्तमानपत्राच्या छायाचित्रासाठी तोंडभर हसले.

डेनिसच्या बहुतेक खोड्या या आधीचं नुकसान भरून काढण्याची धडपड आहेत. अंगात खोडी असलेलं पोर करून पळून जातं. हा मुलगा पळत नाही. थांबतो, निस्तरायला बघतो, आणि त्यातून दुप्पट वाढवून ठेवतो. मोठ्यांना दिसतो तो शेवटचा पसारा. त्याच्या आधी त्या डोक्यात काय चाललं होतं, हे विचारायला सवड कुणाला असते?

मार्थाबाईंना होती. घरात मूल नसल्याची पोकळी त्यांच्या मनात होती, आणि डेनिसच्या पायरवाने ती थोडी भरून निघायची. मिचेल दांपत्याला कामासाठी एकाच वेळी बाहेरगावी जावं लागलं, आणि गावात डेनिसला सांभाळायला कुणी तयार होईना, तेव्हा मार्थाबाईंनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. रात्री झोपवताना त्याला कविता म्हणून दाखवली. विल्सन मात्र दिवस मोजत होते, कारण त्याच दिवसांत त्यांच्या आयुष्यातला सोहळा यायचा होता.

त्यांच्या बागेत एक झाड होतं. चित्रपटातलंच झाड ते. ४० वर्षांत एकदा रात्री फूल द्यायचं, काही क्षण उमलायचं आणि मरून जायचं, अशी त्याची जात. आपल्याकडे ब्रह्मकमळ फुलायचं असलं की बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं रात्री जागतात, शेजारपाजारच्यांना बोलावणं जातं. पण ब्रह्मकमळ एका रात्री हुकलं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुलतं. विल्सनांच्या झाडाला दुसरी खेप नव्हती. ४० वर्षं त्यांनी ते सांभाळलं, आणि उमलण्याच्या रात्री बागेत गावातल्या फुलवेड्यांचा मेळावा भरवला. दिवे लागले, खुर्च्या मांडल्या गेल्या, पदार्थांची टेबलं सजली. त्या टेबलांचा बट्ट्याबोळ डेनिसच्या हातून व्हायचा तो झालाच, आणि त्याची रवानगी खोलीत झाली.

नेमका त्याच रात्री घरात चोर शिरला होता. गावात उतरलेला एक भुरटा, सॅम त्याचं नाव, ख्रिस्तोफर लॉइड यांनी साकारलेला. त्याने विल्सनांची सोन्याची नाणी लांबवली. बाहेर सगळ्यांचे डोळे कळीवर खिळले होते, आणि आत एका पाच वर्षांच्या मुलाला कळलं की आपल्या मिस्टर विल्सनांना लुटलं आहे. त्याने काय करावं? सोहळा संपेपर्यंत गप्प बसावं?

तो धावत आला आणि ओरडला. सगळ्यांच्या माना वळल्या, विल्सनांचीही. तेवढ्यात फूल उमललं. माना परत फिरल्या तेव्हा ते कोमेजून पडलं होतं.

इथवर चित्रपट खदखदून हसवतो. इथे हसू थांबतं. विल्सन डेनिसवर ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, ते त्याच्या सवयीचं होतं. ते जड आवाजात, एकेक शब्द तोलून त्याला सांगतात की तू पीडा आहेस, मला तू नकोस, आणि आज तू माझं जे हिरावून घेतलंस ते मला तुझ्यापेक्षा कितीतरी मोलाचं होतं. मोठी माणसं रागात बोलतात आणि सकाळी विसरतात. मूल तो शब्द जसाच्या तसा धरून बसतं. मिस्टर विल्सनांना आपण नको आहोत, असं कळल्यावर डेनिसने सायकल काढली आणि अंधारात रानाची वाट धरली.

डेनिसने आणलेली बातमी खरी होती. तिजोरीतली नाणी गेलीच होती. मुलाने खोडी केली नव्हती, तो खोटं बोलला नव्हता, मुद्दाम तर त्याने काहीच केलं नव्हतं. ज्या घरातून त्याला दरवेळी हाकलून दिलं जायचं, त्याच घराची त्याने राखण केली होती. फक्त वेळ वाईट होती. मुलांना वेळ कळत नाही. त्यांना एवढंच कळतं की आपल्या माणसाचं नुकसान होतंय आणि ते त्याला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं.

त्या रात्री विल्सन घराबाहेर पडले. जो माणूस एक हाक चुकवण्यासाठी भर सकाळी झोपेचं सोंग घेत होता, तो आता काळोखात त्याच मुलाचा माग काढत फिरत होता. ४० वर्षांचं झाड गेल्याचं दुःख कुठल्या कुठे गेलं होतं. झाड गेलं तर बागेतली जागा रिकामी होते. पोर गेलं तर आपण बोललेले शब्द परत घेण्याची सोयच उरत नाही.

रानात डेनिस त्या चोराच्याच तावडीत सापडला होता. पण डेनिसने तिथेही आपला स्वभाव सोडला नाही. त्याने चोरालासुद्धा मनापासून मदत केली. त्या मदतीपायी चोराची जी गत झाली, ती विल्सनांना पाच वर्षांत भोगावी लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी डेनिस गल्लीत परतला तो चोराला जेरबंद करून, गाडीवर लादून, आणि नाणी घेऊन. विल्सनांनी नाण्यांकडे नंतर बघितलं.

शेवटच्या प्रसंगात सगळे एकत्र बसले आहेत, समेट झाला आहे, आणि डेनिस विस्तवावर मार्शमेलो भाजतो आहे. ते पेट घेतं. विझवायला तो काडी झटकतो, आणि जळतं मार्शमेलो उडून विल्सनांच्या कपाळावर जाऊन चिकटतं.

म्हणजे डेनिस सुधारला नाही. आपल्या बहुतेक बोधकथांत चूक मुलाची असते, शिकवण मोठ्यांची असते आणि शेवटी मूल शहाणं होतं. या गोष्टीत मूल होतं तसंच राहतं, शहाणे होतात ते सत्तरीकडे झुकलेले आजोबा. पाच वर्षांच्या मुलाने पाच वर्षांचं असणं ही सुधारण्याची गोष्टच नाही, हे त्यांना उमगतं. बदलायचं असतं ते आपल्या कपाळावरच्या आठ्यांनी.

या गोष्टीच्या मागे आणखी एक गोष्ट आहे, आणि तिचा शेवट गोड नाही.

डेनिस जन्मला तो कागदावर. हँक केचम नावाचे व्यंगचित्रकार कॅलिफोर्नियात राहत होते. १९५० साली त्यांच्या चार वर्षांच्या मुलाने दुपारी झोपायचं सोडून सगळी खोली उद्ध्वस्त केली, तेव्हा त्यांची पत्नी ॲलिस वैतागून त्यांच्याकडे आली आणि म्हणाली, तुमचा मुलगा म्हणजे एक संकट आहे. केचमना त्यात चित्रमालिका दिसली. मुलाचं खरं नाव डेनिस, तेच त्यांनी चित्रातल्या मुलाला दिलं. चित्रातल्या आईचं नाव ॲलिस ठेवलं. १२ मार्च १९५१ रोजी १६ वर्तमानपत्रांतून ही चित्रमालिका सुरू झाली आणि पुढे जगभर पसरली. तिच्यावर दूरचित्रवाणी मालिका झाली, आणि शेवटी हा चित्रपटही.

कागदावरचा डेनिस वाढला नाही. साडेपाच वर्षांचाच राहिला. रोज सकाळी नवी खोडी करायचा आणि जग हसायचं. घरातल्या डेनिसला मात्र वाढावंच लागलं. १९५९ साली त्याची आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि बिऱ्हाड युरोपात, जिनिव्हाला हलवलं. मुलाचं तिथे जमलं नाही, त्याला अमेरिकेतल्या वसतिगृहाच्या शाळेत पाठवलं गेलं. पुढे तो व्हिएतनामच्या युद्धात लढला. बाप-लेकात दुरावा आला, तो मिटला नाही. २००१ साली केचम वारले. शेजाऱ्याच्या बेचकीला हसायला लाखो घरांना शिकवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात ते हसू पुरलं नाही.

केचमना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. आई गेलेलं घर सावरणं किती कठीण, हे बाहेरून बोलणाऱ्याला कळत नाही. पण विल्सनांची गोष्ट आणि केचमांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवली की एक फरक डोळ्यांत भरतो. पडद्यावरच्या म्हाताऱ्याला एक रात्र मिळाली, आणि त्या रात्रीत तो घराबाहेर पडला. प्रत्यक्षात अशी रात्र आली तरी ती आली आहे, हे कुणी येऊन सांगत नाही. रोजच्या वैतागाच्या, दार लावून घ्यायच्या, ‘नंतर ये’ म्हणायच्या रात्रींसारखीच तीही दिसते.

विल्सनांकडे झाडासाठी ४० वर्षांचा धीर होता, मुलाचं एक वाक्य पुरं होईपर्यंतचा नव्हता. फूल पुन्हा येणार नव्हतं, हे त्यांना पाठ होतं. मूलही पुन्हा पाच वर्षांचं होणार नव्हतं, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

तात्पर्य: पोर धावत आलं की आधी त्याला काय सांगायचंय ते ऐकून घ्या. मोडलेल्या वस्तू मोजायला उरलेली दुपार पडली आहे.