खरेदीखत आणि नाम

नाम आणि सत्ता यांची फारकत वऱ्हाडच्या माणसास कोणी शिकवावी लागत नाही. १८५३ च्या तहाने हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, १९०२ साली सालीना २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात त्यांना तो कायमच्या पट्ट्याने मिळाला, आणि तरीही १९३६ साली ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब निजामाच्या युवराजास बहाल झाला. अमरावती-अकोल्याच्या कचेऱ्यांत हुकूम एकाचा चाले आणि मुलूख दुसऱ्याच्या नावे असे.

वाद्याच्या ठायी हा प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. मायकेल टोबायस या अमेरिकन कारागिराने लहानशा कारखान्यातून नावारूपास आणलेला बेस गिटारींचा धंदा १९९० साली गिब्सन कंपनीने विकत घेतला, निर्मिती कॅलिफोर्नियातून नॅशव्हिलला गेली, आणि पुढे ‘टोबी’ हे नाव त्याच कंपनीच्या एपिफोन छापाच्या स्वस्त वाद्यांवरही उमटले. स्वतःचे आडनावच खरेदीखतात गेलेल्या त्या गृहस्थाने नव्या वाद्यांवर ‘एमटीडी’ ही आद्याक्षरे घातली.

मग मूळचे वाद्य कोणते म्हणावे? नैयायिक अवयवांहून अवयवी भिन्न मानतात आणि एक अवयव पालटताच नवा अवयवी उत्पन्न झाला असे सांगतात. मिलिंद राजाला रथाचा दृष्टांत देणारा नागसेन भिक्षू त्या अवयवीलाच केवळ व्यवहारनाम ठरवतो. बेस गिटारीच्या पोटात चुंबकांभोवती अतिसूक्ष्म तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात, आणि पुष्कळदा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँपही असतो. वेढे वाढले की नाद भरदार होतो, पण त्याची वरची धार मंदावते. येथवर नैयायिकांचे म्हणणे पटते. परंतु तार, चुंबक, लाकूड सारे तेच राहूनही वाद्य परके होऊ शकते, असे मला निश्चयाने वाटते. कारण सिद्ध झालेले वाद्य कानाला न पटल्यास ते बाजूस सारण्याचा जो अधिकार कारागिराकडे असतो, तोच अशा व्यवहारात त्याच्या हातून निसटतो, आणि मग कोणता भाग ठेवावा याचा निवाडा जमाखर्चाच्या दप्तरात होऊ लागतो. त्या दप्तराचेही उपकार आहेत: त्याच्यावाचून अकोल्याच्या एखाद्या होतकरू मुलाला बेस गिटार विकत घेणे परवडले नसते. तथापि सुलभता हा वाद्याचा गुण असला तरी त्याचे स्वरूप नव्हे. टोबायसने आडनाव गमावले, पण नव्या कारखान्यात तो नकाराचा अधिकार त्याच्याकडे परत आला, आणि म्हणून ती अनोळखी आद्याक्षरे मिरवणारी वाद्येच मी त्याच्या जुन्या कामाची खरी वारस मानतो.