कच्चं मडकं



आजचं वाचन आहे यिर्मया 18:1-6. सोबत लूक 5:1-11 पण वाचा. जमलं तर आधी लूकच वाचा.

आज थोडं स्वतःविषयी लिहितोय. हे लिहायला मला तीन आठवडे लागले, कारण यात माझी बाजू चांगली दिसत नाही.

फेब्रुवारीत आमचं एक रिलीज होतं. रात्रीचे पावणेदोन. शीटमध्ये माझ्या नावावर अकरा टेस्ट केस होत्या, त्यातल्या नऊ मी नीट चालवून बघितल्या होत्या. उरलेल्या दोन पैसे परत करण्याच्या स्क्रीनच्या होत्या. त्याचा डेटा तयार करायलाच अर्धा तास गेला असता. मी दोन्हीपुढे ‘पास’ लिहिलं आणि लॅपटॉप बंद केला. दुसऱ्या दिवशी काही ग्राहकांना तेच पैसे दोनदा परत गेले.

कोड लिहिला होता आमच्या ज्युनिअरने. पहिलीच नोकरी, लातूरकडचा मुलगा, मला ‘दादा’ म्हणायचा. सकाळच्या कॉलवर त्याला विचारलं गेलं, “तू चेक केलं नव्हतंस का?” तो म्हणाला, “सर, टेस्ट तर पास होत्या.” मग कॉलवर सगळे गप्प. मीही गप्प. माझा माईक म्यूटवर होता आणि माझं बोट त्या बटणाच्या अगदी जवळ होतं. दहा-बारा सेकंद असतील. मग मॅनेजर म्हणाले, “पुढच्या वेळी काळजी घे,” आणि तो “सॉरी सर” म्हणाला. माझ्या चुकीचं सॉरी त्या पोराने म्हटलं.

आता खरं सांगायचं ते पुढे आहे. खोटं ‘पास’ लिहिणं हे पाप होतं, गप्प बसणं त्याहून मोठं, यात मला काही शंका नाही. पण त्यानंतरच्या सकाळी जे झालं ते मला जास्त घाबरवतं. मी बायबल उघडलं नाही. वाटलं, कुठल्या तोंडाने उघडू? आधी हे निस्तरू, दोन-चार दिवस नीट वागू, मग प्रार्थनेला बसू. रविवारी तरुण संघात गाणी मी घेणार होतो. पाळकसाहेबांना फोन करून सांगितलं, ताप आहे. म्हणजे देवासमोर खोटेपणाने उभं राहायचं नाही म्हणून मी आणखी एक खोटं बोललो! आणि त्या आठवड्यात इथे रोज मनन येत होतं, तुमच्यापैकी काहींनी ‘आमेन’ही लिहिलं होतं. ती सगळी आधी लिहून ठेवलेली होती. सात दिवस मी स्वतः एक ओळ वाचली नव्हती.

मोह म्हटलं की आपल्याला रात्री अकरानंतरचा मोबाईल आठवतो, पैसा आठवतो, कुणाचं तरी ऑनसाइटचं स्टेटस बघून पोटात पडलेला खड्डा आठवतो. ते मोह आहेतच. पण पडल्यानंतर सकाळी जो आवाज येतो, की आता तू देवाजवळ जाण्याच्या लायकीचा नाहीस, त्याला आपण मोह म्हणतच नाही. आपल्याला तो नम्रपणा वाटतो. पेत्रालाही तसंच वाटलं असणार. जाळी माशांनी भरली आणि तो येशूच्या पायाशी पडून म्हणाला की मी पापी माणूस आहे, तुम्ही माझ्याजवळून जा. तो बोलला ते अगदी मनापासून. पण येशूने त्याचं ऐकलं नाही. तो गेला नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी चार दिवस रजा टाकून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने हिंगोलीला गेलो. आमच्याकडे तेव्हा हळदीचा हंगाम होता. शेतात कढया लागलेल्या, शिजलेल्या हळदीचा तो ओलसर, मातकट वास, आणि वाळत घातलेल्या हळदीने पिवळी झालेली खळी. पुण्यातल्या मित्रांना सांगून तो वास कळत नाही. आमच्याकडे ख्रिस्ती घरं थोडी. आई-पप्पा सकाळी सहाला दोघंच प्रार्थनेला बसतात, मी घरी असलो की तिघं. पहिल्या दिवशी मी झोपेचं सोंग घेतलं. आई एवढंच म्हणाली, “काहून रे, उठला नाहीस?” पुढे काही विचारलं नाही. न विचारणं हे आईचं जुनं हत्यार आहे.

दुपारी पप्पा म्हणाले, चल, नर्सीकडे जाऊन येऊ. तिथे त्यांचे एक मित्र आहेत, दोघं जिल्हा परिषदेच्या शाळेत बरोबर होते. ते माळकरी, दरवर्षी वारी करतात. नर्सी म्हणजे परंपरेने संत नामदेवांचं जन्मगाव, आणि औंढा नागनाथही आमच्याच जिल्ह्यात. (जिल्हा म्हणजे 1 मे 1999 पासून. त्याआधी आम्ही परभणीत होतो, आणि पप्पांच्या तोंडात अजून परभणीच येतं.) बांधावर बसून आम्ही हरभरा खात होतो. काकांनी मला विचारलं, “पोरा, तोंड असं का?” मी म्हटलं, “काही नाही काका, आपण जे दाखवतो तेवढे चांगले नाही असं वाटतंय.” ते हसले आणि म्हणाले, “मग नर्सीलाच आलास, बरं झालं.”

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईने गोरोबाकाकांना विचारलं, हे थापटणं कशाला? मडकं कच्चं की पक्कं ते बघायला. मग बघा आमची मडकी. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे शांत बसले, नामदेव मात्र चिडले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. ज्याच्याशी विठ्ठल बोलतो, ज्याच्या हातचं जेवतो असं लोक सांगत, तो नामदेव कच्चा! ते रडत विठ्ठलाकडे गेले. विठ्ठलानेही त्यांची बाजू घेतली नाही, औंढ्याला विसोबा खेचरांकडे जा म्हणून सांगितलं.

शाळेत ही गोष्ट पप्पांनीच आम्हाला शिकवली होती. पण त्या दिवशी माझं लक्ष एका गोष्टीकडे पहिल्यांदा गेलं. नामदेवांना थापटण्याचा मार लागला असेल, पण खरा लागला तो ‘कच्चा’ हा शब्द, तोही सगळ्यांसमोर. आणि तरी ते औंढ्याला गेले. पंढरपूर ते औंढा, त्या काळात! रस्त्यात किती वेळा परत फिरावंसं वाटलं असेल.

ख्रिस्ती माणसाने नामदेवांची गोष्ट का सांगावी, असं कुणाला वाटेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. मी काही तेवढा मोठा नाही, पण औंढ्याची वाट माझ्या घरावरून जाते.

मग काकांनी पप्पांना विचारलं, “तुमच्या शास्त्रात आहे का कुंभार?” पप्पांनी यिर्मया सांगितला. देव संदेष्ट्याला कुंभाराच्या घरी पाठवतो. तो चाकावर काम करत असतो, मातीचं भांडं त्याच्या हातातच बिघडतं, आणि तो त्याच मातीचं दुसरं भांडं घडवतो. काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बरोबर आहे गुरुजी. कच्चं आहे म्हणून जमतं ते. कच्चं मडकं पाण्यात घाला, परत माती होते. आव्यातून भाजून निघालेलं फुटलं की त्याचं खापर. त्याला कोणता कुंभार चाकावर घेत नाही.”

प्रियांनो, मी इंजिनिअरिंग केलं, मटेरियल सायन्सचा पेपर दिला, आणि हे मला एका निवृत्त गुरुजींनी हरभरा सोलताना सांगितलं.

परतताना गाडीवर मागे बसून मी तेच धरून बसलो. मी ‘पास’ का लिहिलं? आळस होता, झोप होती, पण मूळ ते नव्हतं. टीममध्ये माझी ओळख अशी आहे की याच्याकडे दिलं की बघावं लागत नाही. मला ती ओळख हवी होती. दोन टेस्ट राहिल्यात, अर्धा तास द्या, एवढं म्हटलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. पण मला पक्कं मडकं दिसायचं होतं. कॉलवर गप्प बसलो तेही त्यासाठीच. आणि देवापासून लपलो तेही त्यासाठीच! त्याच्यासमोरही मला भाजून, रंगवून, मगच जायचं होतं. पाप आणि पापानंतरचं ते दूर राहणं, दोन्हीला मी वेगळं समजत होतो. आतून ती एकच इच्छा होती.

इच्छा म्हटलं की एक सांगायचं राहिलं. तुमच्यापैकी पुष्कळजण मला लिहितात ते एकटेपणाविषयी. मी चौतीस वर्षांचा आहे, लग्न झालेलं नाही, आपल्या लोकांत स्थळं किती येतात ते तुम्हाला माहीतच आहे. रात्री फ्लॅटवर परत आल्यावर कुणीतरी ‘जेवलास का’ म्हणावं असं वाटतं. हे वाटणं पाप आहे का? मत्तय 4 मध्ये चाळीस दिवसांनी येशूला भूक लागली, असं साधं लिहिलंय. त्या भुकेसाठी त्याला कुणी दोष दिला नाही. सैतान आला तो भूक लागल्यानंतर, दगडाची भाकर कर म्हणायला. माझी मोबाईलवरची बरीच भाकर दगडाचीच असते, तेवढं मी कबूल करतो. पण भूक लागली म्हणूनच मी अपवित्र, असं समजून मी वर्षानुवर्षं ती देवापासून लपवली, आणि लपवलेली भूक रात्री एकटीच बाहेर पडते.

आता कुणी म्हणेल, आणि म्हणायलाच पाहिजे, की मग कच्चं राहायला सूटच मिळाली! पौलालाही हा प्रश्न होता, रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय त्यावरच सुरू होतो: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? त्याचं उत्तर ठाम नाही असं आहे. आणि कुंभाराकडे कधी गेला असाल तर कळेल, परत माती होण्यात काही आराम नाही. भिजवतात, पायाने तुडवतात, खडे वेचतात, मग चाकावर गरगर. मला हे तुडवणं कुठे आहे ते माहीत होतं. त्या पोराला सांगायचं होतं.

पंडिता रमाबाईंची एक गोष्ट मला या काळात फार आधाराची वाटली. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. विशीतली मुलगी, भर सभेत थापटणं मारून बघितलं आणि मडकं पक्कं निघालं. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन. पुण्यात गेल्यावर ‘केसरी’ची टीका सोसली. आणि एवढ्या सगळ्यानंतर 1907 मध्ये त्यांनी आपली साक्ष छापली, तीत लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षं मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. हे लिहिताना त्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या प्रमुख होत्या, शेकडो बायका-मुली त्यांच्या भरवशावर होत्या. विरोधकांच्या हातात कोलीत, आणि पैसे पाठवणाऱ्यांच्या मनात शंका. पक्कं मडकं दिसण्याची गरज त्यांना माझ्यापेक्षा किती जास्त होती! गंमत म्हणजे त्या जागृतीला कारण झालेल्या पुस्तकांपैकी एक होतं विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र. हे पाळकसाहेब व्यासपीठावर उपदेश करता करता स्वतःच्याच उपदेशाने बदलले. उपदेश करणारा कच्चा असू शकतो, हे मंडळीला नवीन नाही. ते लपवणं मात्र आम्ही नव्याने शिकतो.

त्या साक्षीनंतर रमाबाई थांबल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बाईला कळेल असं मराठी बायबल करत राहिल्या, 1922 मध्ये देवाघरी जाईपर्यंत.

माझं काय झालं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी सहाला उठून आई-पप्पांबरोबर बसलो. काही मोठं अनुभवलं नाही. पप्पांनी स्तोत्र वाचलं, मला शब्द ऐकूही येत नव्हते, डोक्यात तो कॉल चालू होता. पण बसलो. परत आलो त्या सोमवारी मेल लिहिला, मॅनेजरना, कॉपी त्या मुलाला आणि पूर्ण टीमला. चार ओळी: त्या दोन टेस्ट मी चालवल्या नव्हत्या, पास मी लिहिलं, कॉलवर बोलायला हवं होतं ते मी बोललो नाही, त्याबद्दल माफी मागतो. सेंड दाबायला चाळीस मिनिटं लागली.

उत्तर आलं, “नोटेड. उद्या बोलू.” बोललो. पुढचे तीन महिने रिलीजचं काम माझ्याकडे नाही, आणि अप्रेझलमध्ये हे येणार हे उघड आहे. पाळकसाहेबांना सांगितलं की ताप खोटा होता. ते म्हणाले, “तापात कोणी एवढं स्पष्ट बोलत नाही, मला तेव्हाच कळलं होतं. रविवारी गिटार आण.”

तो मुलगा मेलवर काही बोलला नाही. मी त्याच्या डेस्कजवळ जाऊन प्रत्यक्ष माफी मागितली, तेव्हा “इट्स ओके सर” म्हणाला. तीन आठवडे झाले. कामाचं सगळं बोलतो, नीट बोलतो. पण ‘सर’ म्हणतो. ‘दादा’ अजून म्हटलेलं नाही, आणि ते मागायचा मला हक्क नाही.

प्रार्थना करू या.

हे प्रभू, आज सकाळी ज्याने बायबल उघडलं नाही, त्याच्या घरी तू जा. तो जा म्हणाला तरी थांब. त्या मुलाचं मन जपून ठेव, आणि उद्या साडेनऊच्या कॉलवर माझ्याजवळ राहा. येशूच्या नावात मागतो. आमेन.