अर्घ्य, ऊन आणि ड जीवनसत्त्व

सूर्याला अर्घ्य देण्यामागे ड जीवनसत्त्व मिळवण्याचा हेतू होता, असे प्रतिपादन अलीकडे वारंवार केले जाते. मात्र ते विज्ञान आणि धर्मशास्त्र या दोन्ही कसोट्यांवर टिकत नाही. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण त्वचेवर पडले म्हणजे हे जीवनसत्त्व तयार होते, पुढे यकृतात व मूत्रपिंडात त्याला कार्यक्षम रूप येते आणि त्याच्या साहाय्याने आतडी कॅल्शियम शोषून घेतात. ते फार कमी पडल्यास मुलांना मुडदूस, म्हणजे हाडे मऊ पडून वाकण्याचा विकार, होतो. परंतु अर्घ्य मुख्यतः सूर्योदयाच्या व सूर्यास्ताच्या सुमारास दिले जाते, आणि क्षितिजालगतच्या सूर्याचे किरण वातावरणातून तिरपे येत असल्याने त्यांतील नेमका हा अंश ओझोनमध्ये जवळजवळ संपूर्ण शोषला जातो.

धर्मशास्त्राची अडचण अधिक खोल आहे. पूर्वमीमांसा नित्य कर्म, म्हणजे केवळ विहित म्हणून करायचे कर्म, आणि काम्य कर्म, म्हणजे विशिष्ट फलासाठी करायचे कर्म, असा भेद मानते. अर्घ्य ज्याचा भाग आहे ते संध्यावंदन नित्य असल्याने त्याला आरोग्याचे प्रयोजन चिकटवणे म्हणजे श्रद्धेचा कैवार घेताना तिचे स्वरूपच बदलणे होय, आणि मग गोळीने तेच काम भागत असेल तर अर्घ्य अनावश्यक ठरणे ओघानेच आले. सूर्योपासनेने कुष्ठमुक्त झालेल्या कृष्णपुत्र सांबाची पुराणकथा सूर्याचा आरोग्याशी संबंध जरूर जोडते, पण तो देवतेच्या प्रसादाचा, किरणांच्या मात्रेचा नव्हे. मुडदूस अतिनील दिव्याने बरा होतो, हे बर्लिनचे डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये दाखवले, ते प्रयोगाने. भाविकाने अर्घ्य अवश्य द्यावे; हाडे सतत दुखत असतील तर मात्र रक्त तपासून घ्यावे.