रस्त्याच्या काठचे उद्यान

'राष्ट्रीय उद्यान' या संज्ञेतले 'उद्यान' हे पद मराठी कानाला नेहमीच थोडे परके वाटत आले आहे. उद्यान म्हणजे लावलेली, राखलेली, फिरणाऱ्यांसाठी वाटा आखून ठेवलेली बाग. ताडोबाहून परतलेला माणूस मात्र आपण जंगलात जाऊन आल्याचे सांगतो, उद्यानाचे नावही काढत नाही. सरकारी परिभाषेने इंग्रजी 'पार्क'ला घाईघाईने चिकटवलेला प्रतिशब्द म्हणून ते सोडूनही देता आले असते. परंतु ही कल्पना जिथे रुजली त्या उत्तर अमेरिकेत एका उद्यानातून दुसऱ्या उद्यानात, दोन-दोन, तीन-तीन आठवडे, हजारो मैल मोटारीने हिंडण्याची जी रीत आहे, तिचा इतिहास तपासू लागले की हा अवघडलेला शब्दच अधिक प्रामाणिक ठरतो. कारण मोटारीच्या काचेतून आदिम आणि अस्पर्श म्हणून जे दिसते, ते तसेच दिसावे यासाठी कुणीतरी बसून रस्त्याची रेघ आखलेली असते.

या कल्पनेच्या उगमापाशीच एक बागरचनाकार उभा आहे. १८६४ साली अध्यक्ष लिंकन यांनी योसेमिटीची दरी सार्वजनिक उपयोगासाठी कायमची राखून ठेवण्याच्या अटीवर कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन केली, आणि तिच्या व्यवस्थेसाठी नेमलेल्या मंडळात फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड होते, म्हणजे कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांच्यासह न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क आखणारेच ओल्मस्टेड. सृष्टिसौंदर्याचा लाभ ही मूठभर श्रीमंतांची मिरास राहू नये, ती सर्वांना खुली करणे हे लोकसत्ताक राज्याचे कर्तव्य आहे, असा विचार त्यांनी १८६५ च्या अहवालात मांडला आणि त्याच अहवालात रस्त्यासाठी पैसेही मागितले. पुढे १९१६ साली राष्ट्रीय उद्यान सेवा, म्हणजे या सर्व उद्यानांचा कारभार पाहणारे केंद्रीय खाते, स्थापन करणारा कायदा झाला, तेव्हा त्यातील उद्देशवाक्य घडवण्यात त्यांच्याच नावाच्या त्यांच्या मुलाचा मोठा वाटा होता. देखावे आणि वन्यजीव पुढील पिढ्यांसाठी अबाधित ठेवायचे, आणि लोकांना त्यांचा आनंदही घेऊ द्यायचा, या दोन आज्ञा त्या वाक्यात शेजारी शेजारी बसवल्या आहेत; त्या एकमेकींच्या आड आल्या तर काय करायचे, ते ठरवण्याचे काम मात्र बव्हंशी रस्ते आखणाऱ्यांवर येऊन पडले.

यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान १ मार्च १८७२ रोजी कायद्याने अस्तित्वात आले. सुमारे ९,००० चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात लष्कराच्या अभियंत्यांनी, प्रथम डॅन किंगमन आणि नंतर हायरम चिटेंडन यांनी, घोडागाड्यांसाठी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा एक फेरा आखला. उष्ण झरे, कारंजी, सरोवर, नदीची घळ आणि तिच्यातले धबधबे ही ठिकाणे मण्यांसारखी ओवणारा हा १४२ मैलांचा फेरा आजही त्याच आकाराचा आहे, आणि यलोस्टोन पाहून आलो असे म्हणणारे बहुतेक लोक प्रत्यक्षात हा आठाचा आकडा पाहून आलेले असतात. त्या काळी प्रवासी रेल्वेने येत. नॉर्दर्न पॅसिफिकने यलोस्टोनला, सांता फेने ग्रँड कॅन्यनला, कॅनेडियन पॅसिफिकने बान्फला आणि ग्रेट नॉर्दर्नने ग्लेशियरला उतारूंची सोय केली, हॉटेले बांधली, आणि उद्यानांच्या स्थापनेसाठी राजधानीत वजनही खर्ची घातले. तिकिटे खपवण्यासाठी केलेल्या या खटपटीचा अरण्याला लाभ झाला, हे मान्य करायला निसर्गप्रेमी अजूनही थोडे कचरतात.

मोटारी आल्या तेव्हा आरंभी त्यांना वेशीबाहेरच थांबवले गेले. माउंट रेनियरने त्यांना १९०८ मध्ये, योसेमिटीने १९१३ मध्ये आणि यलोस्टोनने १ ऑगस्ट १९१५ रोजी आत घेतले. त्यानंतर दोनच वर्षांत यलोस्टोनमधल्या घोडागाड्या गेल्या. हा बदल नुसत्या सोयीपोटी झाला नाही. १९१३ साली योसेमिटीतलीच हेच हेची ही दरी सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी धरणाखाली देण्याचा कायदा संमत झाला होता, आणि ती वाचवण्यासाठी झगडणाऱ्यांना एक कडू धडा मिळाला होता: जी जागा थोड्यांनीच पाहिलेली असते तिच्या बाजूने मते देणारेही थोडेच असतात. उद्यान सेवेचे पहिले संचालक स्टीफन मॅथर हे टाकणखाराच्या धंद्यात श्रीमंत झालेले गृहस्थ असल्याने गिऱ्हाइकांची संख्या आणि मालाचे संरक्षण यांतले नाते ते जाणून होते. योसेमिटीतला टायोगा हा खासगी मालकीचा रस्ता त्यांनी १९१५ साली स्वतःचे आणि मित्रांचे पैसे घालून विकत घेतला आणि सरकारला देऊन टाकला. १९२० साली डेन्व्हरहून निघून बारा राष्ट्रीय उद्याने जोडणारा सुमारे ५,००० मैलांचा मोटारफेरा ७६ दिवसांत पूर्ण करण्यात आला. तेव्हा त्या वाटेचा बराचसा भाग धूळ आणि चिखल यांचाच होता. तरी आजच्या लांबलचक उद्यानयात्रेचा आराखडा तिथे तयार झाला होता.

रस्ता देखावा कसा घडवतो हे पाहायचे तर माँटाना राज्यातील ग्लेशियर उद्यानातला 'गोइंग टू द सन' हा सुमारे ५० मैलांचा घाटरस्ता पाहावा. पर्वतरांगेची मुख्य धार ओलांडून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाण्यासाठी उद्यान सेवेचे अभियंते जॉर्ज गुडविन यांनी लोगन ओढ्याच्या दरीतून वर चढणारी, उलटसुलट पंधरा वळणांची वाट सुचवली होती. हिशेबाने ती स्वस्त होती. टॉमस व्हिंट या तरुण निसर्गरचनाकाराने तिला हरकत घेतली. (निसर्गरचनाकार म्हणजे भूभाग, झाडे, पाणी आणि बांधकाम यांची दृश्यदृष्ट्या सांगड घालणारा आखणीकार.) पंधरा वळणांनी दरीची भिंत खाणीच्या जागेसारखी दिसू लागेल, असा त्याचा आक्षेप होता, आणि त्याऐवजी 'गार्डन वॉल' नावाच्या उभ्या कड्याच्या पोटातून, एकच मोठे वळण घेऊन, सहा टक्क्यांच्या संथ चढाने रस्ता न्यावा असे त्याने सुचवले. मॅथर यांनी खर्चिक असूनही व्हिंटची रेघ पसंत केली, आणि १५ जुलै १९३३ रोजी तो रस्ता रीतसर खुला झाला.

त्या एकमेव वळणाला आज 'द लूप' म्हणतात. गाडी तिथे पूर्ण उलटी फिरते आणि त्या फिरण्याच्या क्षणी 'हेवन्स पीक' हे हिमाच्छादित शिखर नेमके समोर येते. तिथून पुढे डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला दरी आणि मध्ये त्याच डोंगराच्या दगडाचा, बेताच्या उंचीचा कठडा राहतो, म्हणजे बसल्या जागेवरून खालचे दिसावे आणि गाडी मात्र खाली जाऊ नये. जूनअखेरीस किंवा जुलैच्या आरंभी हिम काढून रस्ता मोकळा होतो, कारण मुख्य धारेवरच्या लोगन खिंडीच्या पूर्वेला हिमाचा ढीग काही वर्षी ८० फुटांपर्यंत साचतो. तेव्हा 'वीपिंग वॉल' या कातळावरून वितळलेले पाणी सरळ रस्त्यावर कोसळत असते आणि काच खाली केलेल्या प्रवाशाची बाही भिजवून जाते. हे सारे अपघाताने सापडल्यासारखे वाटावे, यासाठीच कठड्याचा दगड परगावाहून आणला गेला नाही. बांधकाम भोवतालातूनच उगवल्यासारखे दिसावे म्हणून स्थानिक दगड आणि लाकूड वापरण्याच्या या पद्धतीला तिकडे 'रस्टिक' शैली म्हणतात. कला लपवण्यात कला आहे, ही जुनी समजूत इथे सरकारी धोरण झालेली दिसते. यूटामधील झायनच्या १.१ मैल लांबीच्या बोगद्याला १९३० साली कड्याच्या बाजूने खिडक्या ठेवण्यात आल्या, त्यांतूनही काळोखात चाललेल्या प्रवाशाला लाल दरी क्षणभर तुकड्यातुकड्यांनी दिसते.

मोटारीतून होणाऱ्या दर्शनाला स्वतःची एक शिस्त असते. प्रवेशद्वारावर काळ्या पट्ट्याची घडीची पत्रिका हाती पडते, तिच्यातल्या नकाशावर रस्ते ठळक आणि थांबण्याच्या जागा नावांसह दाखवलेल्या असतात, आणि प्रवासी त्या नावांमागून जातो. एखाद्या सपाट वळणावर पाच-सहा गाड्या वेड्यावाकड्या उभ्या दिसल्या की मागून येणारा काही न विचारता थांबतो, कारण तिथे अस्वल असणार; अशा खोळंब्याला यलोस्टोनमध्ये 'बेअर जॅम' असेच नाव पडले आहे. अस्वलापासून निदान १०० यार्ड दूर राहण्याचा नियम असतो, तरी दारे उघडतात, माणसे उतरतात, आणि वनरक्षकाला वाहतूक पोलिसाचे काम करावे लागते. एकेकाळी हीच अस्वले रस्त्यावर येऊन गाड्यांतून खाऊ मागत आणि हॉटेलांच्या कचऱ्यावर जगत. १९७० च्या सुमारास यलोस्टोनमधले ते उकिरडे बंद झाले आणि पाहण्यासारखे अस्वल कोणते, ही कल्पनाही बदलली.

रस्त्यावरून जे दिसत नाही त्यात माणसेही आहेत. या भूमी रिकाम्या सापडल्या नव्हत्या, त्या रिकाम्या करण्यात आल्या. योसेमिटीच्या दरीत १८५१ साली सशस्त्र तुकडी शिरली ती तिथल्या अवानीची लोकांना हुसकून लावण्यासाठी. यलोस्टोनच्या डोंगराळ भागात राहणाऱ्या शोशोनी जमातीच्या, रानमेंढ्यांच्या शिकारीवर जगणाऱ्या गटाला उद्यान झाल्यानंतर राखीव वसाहतींत जावे लागले. बान्फ परिसरातून स्टोनी नाकोडा लोकांची शिकार आणि वावर बंद झाला. ग्लेशियरचा पूर्वेकडचा अर्धा भाग ब्लॅकफीट लोकांनी १८९५ च्या कराराने सरकारला दिला, तेव्हा जमीन सार्वजनिक राहील तोवर तिथे शिकार, मासेमारी आणि लाकूडतोड करण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला होता, आणि १९१० साली उद्यान झाले तेव्हा तो हक्क संपल्याचे सरकारने ठरवले. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने मग त्याच ब्लॅकफीट लोकांची चित्रे आपल्या जाहिरातींत छापली. जंगल राखण्यासाठी गावे उठवण्याचा प्रश्न ताडोबाच्या वाचकाला अपरिचित नाही, त्यामुळे या घटना दूरच्या म्हणून वाचता येत नाहीत.

रस्त्याला विरोध झाला नाही असे नाही. किंबहुना कायद्याच्या अर्थाने जे 'अरण्य' आज अमेरिकेत ओळखले जाते ते या विरोधातूनच निपजले. १९३५ साली रॉबर्ट मार्शल, बेंटन मॅके, आल्डो लिओपोल्ड आदींनी वाइल्डरनेस सोसायटी स्थापन केली ती मोटाररस्त्यांच्या आक्रमणाला आळा घालण्यासाठी, आणि १९६४ च्या अरण्य कायद्याने जिथे कायमचा रस्ता नाही त्याच भूमीला अरण्य ठरवले. म्हणजे अरण्याची व्याख्याही रस्त्यानेच करून दिली, फक्त नकारार्थी. एडवर्ड ॲबी यांनी १९६८ च्या 'डेझर्ट सॉलिटेअर' या पुस्तकात या मोटारपर्यटनाला कारखानदारी म्हटले आणि उद्यानांत गाड्यांना मज्जावच करावा असे सुचवले. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे, परंतु त्यांच्या युक्तिवादात धडधाकट, एकट्या पुरुषाचे पाय गृहीत धरलेले आहेत. उन्हाळ्यात मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला गेलेले, गुडघे दुखणारे मराठी आईवडील डब्यातल्या दशम्या सांभाळत लोगन खिंडीपर्यंत पोचतात ते व्हिंटच्या त्या सहा टक्क्यांच्या चढामुळे, हेही हिशेबात धरावे लागते. अर्थात 'सर्वांसाठी' या शब्दाची व्याप्ती कधीच निर्विवाद नव्हती. व्हर्जिनियातील शेनांडोआ उद्यानात १९३९ साली कृष्णवर्णीयांसाठी विश्रामस्थळाची वेगळी जागा आखण्यात आली होती.

आता संख्येनेच प्रश्न वेगळ्या रीतीने उभा केला आहे. झायनच्या मुख्य दरीत २००० सालापासून हंगामात खासगी गाड्यांना प्रवेश नाही, बसने जावे लागते. आर्चेस आणि ग्लेशियर या उद्यानांत अलीकडे काही हंगामांत प्रवेशाची वेळ आधी नोंदवावी लागली. बस आल्यावर झायनमध्ये पाखरांचे आवाज पुन्हा ऐकू येऊ लागले, असे म्हणतात.

रस्त्याच्या या इतिहासात कॅनडातील बान्फचे एक बांधकाम मात्र वेगळ्या जातीचे आहे. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा ट्रान्स-कॅनडा महामार्ग या उद्यानातून जातो, आणि तो रुंद करताना दोन्ही बाजूंना उंच कुंपण घालून प्राण्यांना ये-जा करण्यासाठी ६ पूल आणि ३८ भुयारी मार्ग बांधण्यात आले. त्यामुळे गाड्यांना प्राणी धडकण्याचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटले. पुलांवर माती पसरली आहे, झाडे लावली आहेत, आणि कोण आले-गेले हे कळावे म्हणून आरंभी मऊ मातीचे पट्टे दाताळ्याने सारखे करून त्यांवरचे ठसे वाचले जात, पुढे कॅमेरे बसले. हरणे लवकर सरावली. ग्रिझली अस्वलांना मात्र त्या पुलाची खात्री पटायला काही वर्षे लागली. लावलेली, राखलेली, वाट आखून ठेवलेली ही एक खरीखुरी बागच आहे, फक्त ती फिरणाऱ्या माणसांसाठी नाही. मोटारीतून जाणाऱ्याला काँक्रीटची कमान तेवढी दिसते, आणि ताशी नव्वद किलोमीटरच्या वेगात तीही दोन-तीन सेकंदांत मागे पडते.